कुत्र्याचे पिल्लू आणि न हललेला पाळणा : रोममधील एका जुन्या आरोपाची पार्श्वभूमी

अनेक जोडप्यांना मूल नको असते किंवा एकच हवे असते, पण घरात दोन कुत्री आणि दोन मांजरे असतात, हा स्वार्थ आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी ५ जानेवारी २०२२ रोजी व्हॅटिकनमधील जाहीर सभेत सांगितले. २०१४ मधील एका प्रवचनातही त्यांचा रोख हाच होता. मे २०२३ मध्ये, इटलीच्या घटत्या जन्मदरावर रोममध्ये भरलेल्या परिषदेत, त्यांनी आणखी एक प्रसंग सांगितला : पन्नाशीच्या एका बाईंनी पिशवी उघडून ‘माझ्या बाळाला आशीर्वाद द्या’ अशी विनंती केली, पिशवीत कुत्रा निघाला, आणि इतकी मुले उपाशी असताना तुम्ही कुत्रा घेऊन येता, असे म्हणून पोपनी त्यांना खडसावले. त्या वयात मूल होण्याचा प्रश्न बहुधा मागे पडलेला असतो. तरीही जन्मदराच्या चर्चेत दाखला म्हणून कुत्र्यावर माया करणारी बाईच पुढे आली.

हा दाखला रोमला नवा नाही. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या चरित्राच्या आरंभी एक आठवण दिली आहे. कुत्र्यांची आणि माकडांची पिल्ले छातीशी धरून त्यांचे लाड करत फिरणारे श्रीमंत परदेशी रोममध्ये पाहून सीझरने, म्हणजे बहुधा सम्राट ऑगस्टसने, विचारले की यांच्या देशातल्या बायकांना मुले होत नाहीत काय? हा प्रश्न विचारणाऱ्या सम्राटाने तसे कायदेही केले होते. इसवी सनपूर्व १८ आणि इसवी सन ९ मधील कायद्यांनी ठरावीक वयातील अविवाहितांचा जवळच्या नात्याबाहेरील वारसा घेण्याचा हक्क काढून घेतला, विवाहित पण निपुत्रिकांना त्यातला निम्माच वाटा ठेवला आणि तीन मुले असणाऱ्यांना सवलती दिल्या. यांतील दुसरा कायदा ज्या दोन कॉन्सलांच्या, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावाने ओळखला जातो, ते दोघेही अविवाहित आणि निपुत्रिक होते, अशी नोंद इतिहासकार कॅसियस डिओने केली आहे. कायद्यांमुळे लग्ने आणि मुले वाढली नाहीत, हे रोमन इतिहासकार टॅसिटसने स्पष्ट लिहिले आहे.

रोमन लोकांची प्राण्यांवरील माया मात्र उथळ नव्हती. ब्रिटिश म्युझियममध्ये मार्गारिटा नावाच्या कुत्रीचा संगमरवरी स्मृतिलेख आहे. ती गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या परिसरात) जन्मली, रानात शिकारीला जाई, मालक-मालकिणीच्या मांडीवर निजे, आणि पिल्लांना जन्म देताना दगावली, हे सारे त्यात तिच्याच तोंडून पद्यात सांगितले आहे. हा लेख कोरून घेणाऱ्यांना मुले होती की नव्हती, हे त्यावरून कळत नाही, आणि त्यांच्या दुःखाचे मोल ठरवायला ते कळण्याची गरजही नाही.

पुढे विसाव्या शतकात इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याने १९२७ पासून २५ ते ६५ वयाच्या अविवाहित पुरुषांवर कर बसवला आणि चार कोटींच्या इटलीचे सहा कोटी करण्याचे आवाहन केले. तरी जन्मदर घसरतच राहिला. २०२३ मध्ये तो दर बाईमागे सुमारे १.२ मुलांवर आला. १९६४ मध्ये त्या देशात दहा लाखांहून अधिक मुले जन्मली, तर २०२२ मध्ये चार लाखही नाहीत.

महाराष्ट्राचा प्रजननदरही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १.७ इतका नोंदला गेला. ‘पाळणा कधी हलणार?’ या प्रश्नाला ‘कुत्र्याचे एवढे करता, मग एक मूल होऊ द्या’ अशी पुस्ती इथल्या घरांतही जोडली जाते. इटलीत तिशीच्या आसपास आईवडिलांचे घर सोडणारे तरुण, मुदतीच्या कंत्राटावरच्या नोकऱ्या, दक्षिणेत अपुरी पाळणाघरे आणि बाळंतपणानंतर सुटणारी बायकांची कामे ही कारणे अभ्यासक वर्षानुवर्षे मांडत आहेत; त्यांतील एकही कारण कुत्रा घरात आणल्याने निर्माण झालेले नाही.