बर्फ वितळल्यानंतरची सस्क्वेहॅना

मार्चच्या अखेरीस अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील सस्क्वेहॅना नदीत हात घातला, तर थोड्याच वेळात बोटे दुखू लागतात. काठावरच्या झाडांना पालवी फुटलेली नसते, सावलीतल्या कपारींत बर्फाचे तुकडे टिकून असतात आणि वरच्या डोंगरांतून वितळून आलेल्या पाण्याने नदीला मातकट हिरवा रंग चढलेला असतो. अशा पाण्यात स्मॉलमाउथ बास या माशाच्या शोधात हौशी मासेमार जेट बोट, म्हणजे पंख्याऐवजी पाणी मागे फेकून चालणारी बोट, घेऊन उतरतात. त्यांच्यातला जाणता माणूस गळ बांधण्याआधी पाण्याचे तापमान पाहतो, कारण 5 अंश सेल्सिअसची नदी आणि 9 अंशांची नदी या त्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या नद्या असतात. या चार अंशांत माशाच्या शरीरात आणि पाण्यात काय बदलते, हे कळल्याशिवाय या ऋतूतली मासेमारी निव्वळ नशिबाचा खेळ वाटत राहते. प्रत्यक्षात ती तशी नाही.

मिक्रोप्टेरस डोलोमिउ हे या माशाचे शास्त्रीय नाव. लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने 1802 मध्ये त्याचे वर्णन केले. रंग काशाच्या जुन्या भांड्यासारखा हिरवट तपकिरी, अंगावर उभे गडद पट्टे आणि डोळे बहुधा लालसर. नावातले ‘लहान तोंड’ हे त्याच्या भाऊबंदाच्या, म्हणजे लार्जमाउथ बासच्या, तुलनेत आहे. लार्जमाउथचा वरचा जबडा डोळ्याच्या मागे जातो, तर याचा डोळ्याखालीच संपतो. तोंड लहान असले तरी हा पक्का शिकारी मासा आहे, आणि नदीच्या तळाशी दगडांखाली राहणारे, झिंग्यासारखे दिसणारे क्रेफिश हे त्याचे आवडते खाद्य आहे.

सस्क्वेहॅनाचा तो मूळ रहिवासी नाही, हे पुष्कळ स्थानिकांनाही ठाऊक नसते. त्याचे मूळ घर ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स आणि ओहायो-मिसिसिपीच्या खोऱ्यांत. तिथून पूर्वेकडच्या नद्यांत येण्यात अपलाचियन पर्वतरांग त्याच्या आड येत होती. 1854 मध्ये विल्यम श्राइव्हर यांनी ओहायो खोऱ्यातले काही बास वाफेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत, भोके पाडलेल्या डब्यात ठेवून, रेल्वेने डोंगरापलीकडे नेले आणि मेरीलँडमधील कम्बरलँड येथे कालव्याच्या पाण्यात सोडले. तिथून ते पोटोमॅक नदीत पसरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सस्क्वेहॅनातही हा मासा सोडला गेला, आणि तळाशी दगडगोटे व जागोजागी आडवे खडक असलेली ही नदी त्याला अशी मानवली की आज नदीचे नाव काढले की मासेमारांच्या तोंडी आधी त्याचेच नाव येते.

बास शीतरक्ती आहे. त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर चढते-उतरते, आणि त्याबरोबर पचनाचा, श्वसनाचा आणि स्नायूंचा वेगही बदलतो. अशा प्राण्यांत तापमान 10 अंशांनी उतरले की चयापचयाचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर, कधी एक तृतीयांशावर येतो. म्हणजे 20 अंशांच्या पाण्यात दिवसभर शिकार करणारा मासा 5 अंशांच्या पाण्यात जेमतेम एक तृतीयांश शक्तीवर जगत असतो. त्याला भूक कमी लागते, खाल्लेले पचायला वेळ लागतो आणि लांब झेप घेणे परवडत नाही. म्हणून पाणी साधारण 10 अंशांच्या खाली गेले की हे मासे मुख्य प्रवाह सोडून खोल, संथ डोहांत गोळा होतात आणि हिवाळा तिथेच काढतात. त्यासाठी ते किती लांब जातील याला नेम नाही. विस्कॉन्सिनमधील एम्बॅरस आणि वुल्फ या नद्यांत खुणा केलेले बास शरद ऋतूत 60 किलोमीटरहून अधिक अंतर खाली उतरलेले आढळले आहेत.

थंड पाण्यात प्राणवायू मात्र भरपूर असतो. 20 अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर 5 अंशांना सुमारे 12.8 मिलिग्रॅम. या ऋतूत माशाला चणचण भासते ती ऊर्जेची. त्यात पाण्याचा चिकटपणाही वाढलेला असतो. 5 अंशांचे पाणी 20 अंशांच्या पाण्याच्या सुमारे दीडपट चिकट असते. या एका गोष्टीचे परिणाम दूरवर जातात. पाण्यातली बारीक माती खाली बसायला उन्हाळ्यापेक्षा जवळजवळ दीडपट वेळ लागतो, आणि म्हणूनच वसंतातला गढूळपणा पाऊस थांबून दिवस उलटले तरी हटत नाही.

आता प्रवाहाचे गणित पाहू. वाहत्या पाण्यात एका जागी टिकून राहण्यासाठी माशाला लागणारी शक्ती ढोबळमानाने प्रवाहाच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट लागते. एक तृतीयांश इंधनावर चालणाऱ्या जिवाला ही उधळपट्टी जमणारी नाही. त्यामुळे मार्च-एप्रिलच्या भरलेल्या नदीत तो अशा जागा निवडतो जिथे पाणी जवळजवळ थांबलेले असते: बेटाच्या खालच्या टोकाशी, पुलाच्या खांबामागे, आडव्या खडकाच्या ओटीत, काठाच्या खाचेत. मोठ्या दगडामागे पाणी उलटे फिरते आणि तळालगत घर्षणामुळे प्रवाहाचा वेग पृष्ठभागापेक्षा बराच कमी असतो. पृष्ठभागावर नीट पाहिले तर धावते पाणी आणि थांबलेले पाणी यांच्यामध्ये फेसाची, काटक्यांची एक बारीक रेघ दिसते. मासा तिच्या शांत बाजूला तळाशी टेकलेला असतो आणि धावत्या बाजूने वाहत येणारे खाद्य फारशी हालचाल न करता टिपतो. माझ्या मते नदी वाचायला शिकणे म्हणजे मुख्यतः ही रेघ ओळखायला शिकणे होय.

तलावात तापमानाचे थर बनतात, पण वाहती नदी घुसळली जात असल्याने तिचे पाणी तळापासून वरपर्यंत सारखेच असते. तरीही एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एखाद्या अंशाचा फरक पडतोच. दक्षिणेकडे तोंड केलेल्या काठाला दिवसभर ऊन मिळते, तिथले काळे खडक तापतात आणि त्यांच्या आडोशाचे उथळ, संथ पाणी दुपारपर्यंत किंचित ऊबदार होते. म्हणूनच या दिवसांत भल्या पहाटे नदीवर जाण्यात फारसा अर्थ नसतो. दुपारी दोन ते पाच ही वेळ बहुधा सरस ठरते. पाणी 7-8 अंशांवर पोहोचून काही दिवस चढते राहिले की डोहातले मासे हलू लागतात, आणि 10 अंशांच्या आसपास क्रेफिशही दगडांखालून बाहेर पडू लागल्याने खाण्याला वेग येतो. मादीच्या पोटात अंडी शरद ऋतूपासूनच भरू लागलेली असतात, त्यामुळे वर्षातले सर्वांत वजनदार मासे याच आठवड्यांत मिळतात.

आमिषाची निवडही याच शरीरधर्मावर चालते. मॅराबू नावाच्या मऊ पिसांचे जिग हे या काळातले जुने, खात्रीचे आमिष. शिशाच्या छोट्या मण्याला गळ आणि त्यावर बांधलेली मऊ पिसे, एवढेच त्याचे स्वरूप. कोरडे असताना ते कापसाच्या बोंडासारखे दिसते. पाण्यात सोडले की पिसे अंगाला चिकटतात, आणि दोर अगदी स्थिर धरला तरी प्रवाहाच्या स्पर्शाने त्यांची टोके उघडमीट करत राहतात. जागचे न हलता जिवंत दिसणे हाच त्याचा गुण. जर्कबेट हे माशाच्या आकाराचे कडक प्लास्टिकचे आमिष. त्याची घनता पाण्याइतकी जुळवलेली असते, म्हणून ओढणे थांबवले की ते बुडत नाही आणि वरही येत नाही. दोन झटके द्यायचे आणि मग दहा-पंधरा सेकंद हात आवरून थांबायचे. त्या विरामात मासा कूर्मगतीने जवळ येतो आणि तोंड उघडून ते आत ओढून घेतो. उन्हाळ्यातला हिसका इथे नसतो. दोर किंचित जड झाल्यासारखा वाटतो, इतकेच.

माशांच्या या जागांपर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न सस्क्वेहॅनावर वेगळाच बिकट आहे. नदीची लांबी सुमारे 715 किलोमीटर. पेनसिल्व्हेनियाची राजधानी हॅरिसबर्गच्या वर 1902 मध्ये बांधलेला रॉकव्हिलचा 48 कमानींचा दगडी रेल्वेपूल आहे. त्याची लांबी 1,160 मीटरहून अधिक आहे, यावरून पात्राच्या रुंदीची कल्पना यावी. एवढ्या रुंद पात्राचा बराचसा भाग एरवी कंबरभर किंवा गुडघाभर खोल असतो आणि डोंगररांगांचे कठीण खडक नदीला आडवे जातात. बोटीखाली लोंबणारा पंखा अशा पात्रात फार काळ शाबूत राहत नाही.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील उथळ नद्यांनी विल्यम हॅमिल्टन यांच्यासमोर हीच अडचण उभी केली होती. 1950 च्या दशकात त्यांनी तिच्यावर उपाय काढला: पंखा बाहेर न ठेवता पंप आत ठेवायचा, बोटीच्या तळातून पाणी ओढायचे आणि मागच्या नळीतून जोराने फेकायचे. पाणी मागे ढकलले की बोट पुढे जाते, हा न्यूटनचा तिसरा नियम. 1960 मध्ये या यंत्राच्या बोटी कोलोराडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर चढून गेल्या. सस्क्वेहॅनावर आज दिसतात त्या बहुतेक बोटी सपाट बुडाच्या ॲल्युमिनियमच्या असतात, आणि त्यांच्या मागच्या इंजिनाला पंख्याऐवजी जेटचा पंप जोडलेला असतो.

या सोयीची किंमत भौतिकशास्त्र वसूल करते. ढकलण्याचा जोर मिळतो पाण्याच्या वस्तुमानाला वेगाने गुणून, पण त्यासाठी खर्च होणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. पंखा पुष्कळ पाणी हळू ढकलतो. जेट थोडे पाणी फार वेगाने फेकतो आणि म्हणून तेवढ्याच जोरासाठी अधिक ऊर्जा घालवतो. इंजिनाची सुमारे 30 टक्के शक्ती अशी जाते. पाणी खेचणारे पात्यांचे चाक, म्हणजे इम्पेलर, आणि त्याभोवतीचे कवच यांच्यातली फट जेमतेम 0.8 मिलीमीटर ठेवावी लागते. नदीतली वाळू आणि खडे त्यातूनच जातात. हंगामानंतर इम्पेलर काढून पाहिला तर पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या बोथट झालेल्या असतात, आणि कानस घेऊन त्यांना पुन्हा धार लावावी लागते.

जेट बोट चालवण्यात दोन गोष्टी नवशिक्याला उलट्या वाटतात. पहिली म्हणजे उथळ जागी वेग कमी करायचा नसतो. वेगात असताना पाण्याचा दाब बोटीला उचलून धरतो आणि ती पृष्ठभागावरून घसरत जाते; तेव्हा तिला वीतभरापेक्षाही कमी पाणी पुरते. घाबरून वेग घटवला की ती खाली बसते आणि नेमकी खडकावर टेकते. दुसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे. या बोटीला सुकाणू नसते, फेकलेल्या पाण्याची दिशा बदलूनच ती वळते, म्हणून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवणारा दांडा, सोडला की वळण्याची ताकदही जाते. समोर खडक दिसताच वेग तोडणारा माणूस सरळ खडकावरच जातो. वसंतात आणखी एक भर पडते: पुराबरोबर आलेला पालापाचोळा पंपाच्या तोंडावरच्या जाळीला चिकटला की पाण्याऐवजी हवा ओढली जाते, इंजिन मोकळेच किंचाळते आणि जोर नाहीसा होतो.

अशा वेळी कोणी पाण्यात पडले तर काय होते, हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे 25 पट वेगाने काढून घेते, पण पहिला धोका त्याहीआधीचा आहे. थंडीच्या धक्क्याने माणूस नकळत धाप टाकतो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तो पहिलाच श्वास पाण्याचा ठरतो. पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही. त्यामुळे लाइफ जॅकेट बाकाखाली न ठेवता अंगात असावे लागते, आणि इंजिन आपोआप बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेली असावी लागते. हॅरिसबर्गमध्ये डॉक स्ट्रीटचा बुटका बंधारा आहे; भरल्या नदीत वरून तो जवळजवळ दिसत नाही, पण त्याच्या पायथ्याशी उलटे फिरणारे पाणी माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढते. तिथे अनेक जीव गेले आहेत.

या माशाबद्दल तिथल्या लोकांना वाटणारी काळजी जुनी नाही. 2005 च्या उन्हाळ्यात, नदी आटलेली आणि पाणी तापलेले असताना, त्या वर्षी जन्मलेली बासची पिल्ले मोठ्या संख्येने मेली. अंगावर जिवाणूंचे चट्टे होते. पुढच्या काही वर्षांत नरांच्या वृषणांत अंडपेशी आढळल्या. अनेक संस्थांनी मिळून कारणांची छाननी केली आणि 2015 मध्ये संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी रसायने आणि रोगजंतू व परजीवी ही सर्वांत संभाव्य कारणे म्हणून पुढे आली. दरम्यान 2011 पासून नदीच्या मधल्या पट्ट्यात पकडलेला बास लगेच सोडून देणे बंधनकारक करण्यात आले, आणि नंतर विणीच्या काळात त्याच्यामागे लागण्यावरही बंदी आणली गेली होती. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि त्याचे कारण नराच्या वागण्यात आहे.

पाणी 15-16 अंशांवर गेले की नर संथ पाण्यात, दगडाच्या आडोशाला जागा धरतो आणि शेपटीने गाळ झाडून स्वच्छ खड्यांची गोल बशी तयार करतो. मादी अंडी घालून निघून जाते. अंडी खड्यांना चिकटतात, आणि नर परांनी त्यांच्यावर पाणी हलवत राहतो, जेणेकरून गाळ बसू नये आणि प्राणवायू मिळावा. या काळात तो जवळजवळ खात नाही, पण घरट्यावर आलेल्या प्रत्येक वस्तूवर धावून जातो. म्हणूनच तो गळाला फार सहज लागतो. त्याला काही मिनिटे दूर नेले तरी टपून बसलेले लहान मासे अंड्यांवर तुटून पडतात. साधारण आठवड्याभरात पिल्ले बाहेर येतात आणि आणखी काही दिवसांनी खड्यांमधून वर उठतात. स्मॉलमाउथची पिल्ले कोळशासारखी काळी असतात, त्यामुळे नराच्या वर हातभर रुंदीचा एक काळा ढग तरंगताना दिसतो. प्रत्येक पिल्लू जेमतेम सेंटिमीटरभर. जूनच्या सुरुवातीला मोठा पूर आला तर तो ढग एका रात्रीत वाहून जातो. नदी उतरती राहिली तर पुढच्या काही दिवसांत तो विरळ होत काठाच्या गवतापर्यंत पोहोचतो, आणि तेव्हा कुठे नर घरट्याची जागा सोडतो.