खाटेच्या मापाची गोधडी

व्हीलचेअरवर बसणाऱ्या माणसासाठी गोधडी शिवायची तर ती अरुंद ठेवावी लागते. 36 इंच रुंद आणि 45 इंच लांब, साधारण एवढीच. जास्त रुंद झाली की कडा चाकात जाते. झालर नको, गोंडे नकोत, लोंबते बंद नकोत. मांडीवरून घसरेल असं साटिनचं अस्तरही नको. रुग्णालयाच्या खाटेसाठी शिवताना आणखी एक अट येते: गरम पाण्यात पुन्हापुन्हा धुतली तरी टिकायला हवी. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये गोधड्या शिवून रुग्णांना देणारी मंडळं आहेत, तिथल्या बायकांना ही मापं तोंडपाठ असतात.

आपल्याकडे गोधडी शिवतात ती घरच्यांसाठी. बाळंतिणीसाठी, नातवासाठी, सासरी जाणाऱ्या मुलीसाठी. ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही अशा आजाऱ्यासाठी शिवायची तर मागणी कुठून तरी यावी लागते, गोळा करणारं आणि पोचवणारं कोणी तरी लागतं. ही सगळी यंत्रणा उभी राहिली ती बहुतेक वेळा युद्धामुळे.

सुरुवातीचं एक चित्र मात्र उलटं आहे. त्यात रुग्णच शिवतोय. क्रिमियाच्या युद्धात, 1854 साली इंकरमनच्या लढाईत डोक्याला जबर जखम झालेला प्रायव्हेट थॉमस वॉकर नावाचा ब्रिटिश शिपाई इंग्लंडमधल्या चॅटमच्या फोर्ट पिट लष्करी रुग्णालयात होता. टॉमस वुड या चित्रकाराने 1856 मध्ये त्याला खाटेवर बसून रंगीत तुकडे जोडताना रंगवलं. लष्करी गणवेशाच्या जाड लोकरी कापडाच्या अशा गोधड्या शिपाई बराकींतही शिवत, आणि त्यांतल्या अनेक हिंदुस्थानात तैनात असलेल्यांनी शिवल्या. हात गुंतले तर दारूकडे वळणार नाहीत, असा वरिष्ठांचा हिशोब होता. तो कितपत खरा ठरला कोण जाणे, पण टाके फार सुबक आहेत.

अनोळखी रुग्णांसाठी मोठ्या प्रमाणावर गोधड्या शिवल्या गेल्या त्या अमेरिकेच्या यादवी युद्धात. 1861 मध्ये उत्तरेकडे युनायटेड स्टेट्स सॅनिटरी कमिशन स्थापन झालं. लष्करी रुग्णालयांना पुरवठा करायचा तर गावोगावच्या बायकांकडून सामान हवं होतं, आणि कमिशनने तसं कळवलं: स्वस्त कापडाच्या गोधड्या पाठवा, 7 फूट लांब, 50 इंच रुंद. घरातला पलंग दोघांचा, रुग्णालयातली खाट एकट्याची. कुणी नव्या शिवल्या, कुणी घरातल्या दोन मोठ्या गोधड्या कापून तीन छोट्या केल्या. युद्ध संपेपर्यंत सुमारे अडीच लाख गोधड्या गेल्या असा अंदाज आहे. आज त्यांतल्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या उरल्या आहेत. बाकीच्या वापरून विरल्या, कित्येक मेलेल्या सैनिकांबरोबर पुरल्या गेल्या.

उरलेल्यांतली एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मेन राज्यातल्या ऑगस्टा गावी सुझाना पुलन नावाच्या बाई रविवारच्या शाळेत शिकवत. 1863 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या वर्गातल्या मुलींनी ताऱ्यांच्या नक्षीची ही गोधडी केली आणि कापडावर शाईने मजकूर लिहिला. बायबलमधली वचनं, आरोग्याच्या सूचना, थोडी थट्टा, आणि शिवणाऱ्यांची नावं. सोबत आश्वासन, की ज्यांची नावं इथे आहेत त्यांना कुणी सैनिकाने नीटसं पत्र लिहिलं तर उत्तर मिळेल. पत्रं आली. वॉशिंग्टनच्या आर्मरी स्क्वेअर रुग्णालयातूनही आलं. युद्धातून गोधडी वाचलीच तर परत पाठवावी, हेही तिच्यावर लिहून ठेवलं होतं. ती खरोखरच वाचली.

पहिल्या महायुद्धात नावांचा वेगळा उपयोग झाला. ‘मॉडर्न प्रिसिला’ या अमेरिकी मासिकाने डिसेंबर 1917 मध्ये रेड क्रॉससाठी गोधडीचा नमुना छापला. लोकांनी पैसे द्यायचे, त्या बदल्यात त्यांची नावं लाल दोऱ्याने भरायची आणि एका गोधडीतून 1000 डॉलर उभे करायचे, अशी ती योजना. गोधडी पुढे लिलावात विकायची किंवा रुग्णालयाला द्यायची. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात, तसाच हा मामला. पैसा उभा राहिला, पण पुलनबाईंच्या गोधडीतली खाटेवरच्या माणसाशी चाललेली बातचीत मला यात दिसत नाही.

नावाला सगळ्यात मोठं काम पडलं ते सिंगापूरमध्ये. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं. युरोपीय बायकामुलांना जपान्यांनी चांगीच्या तुरुंगात कोंडलं. सैनिक जवळच्याच लष्करी बराकींत कैदेत. नवरा जिवंत आहे की नाही हे बायकोला ठाऊक नाही, बायकोचं काय झालं हे नवऱ्याला ठाऊक नाही, आणि चिठ्ठी पाठवायला बंदी. एथेल मलव्हेनी ही कॅनडाची बाई, ब्रिटिश लष्करी डॉक्टरची पत्नी, महिलांच्या छावणीत रेड क्रॉसची प्रतिनिधी होती. तिने तोड काढली. प्रत्येकीला कापडाचा एक छोटा चौकोन द्यायचा, त्यावर तिने स्वतःबद्दल काहीतरी भरायचं आणि खाली नाव घालायचं. पिठाच्या पिशव्या, चादरी, जुने कपडे, हाती लागलं ते कापड वापरलं. प्रत्येकी 66 चौकोनांच्या तीन गोधड्या झाल्या: एक ब्रिटिश जखमींसाठी, एक ऑस्ट्रेलियन जखमींसाठी, आणि तिसरी जपानी जखमींसाठी.

ही तिसरी गोधडीच यातली खरी हुशारी. शत्रूच्याही जखमी सैनिकांना भेट द्यायची आहे म्हटल्यावर बाकीच्या दोन अडवणं अधिकाऱ्यांना जड गेलं. तिच्या मागे इंग्रजीत अर्पणपत्रिका भरलेली आहे. साल 1942 नाही तर 2602, म्हणजे जपानी कालगणनेप्रमाणे. जखमी निप्पोनी, म्हणजे जपानी, सैनिकांच्या वेदनांबद्दल सहानुभूती, युद्ध थांबल्यावर गोधडी जपानी रेड क्रॉसला द्यावी अशी इच्छा, आणि शेवटी सूचना: ही गोधडी ड्रायक्लीन केलेली बरी. उपाशी, कोठडीत दाटीवाटीने राहणाऱ्या बायका हे भरत होत्या!

जपानी गोधडीवर फुलं, पक्षी असं सौम्य काम जास्त आहे. आपल्या माणसांच्या गोधड्यांवर तुरुंगाच्या भिंती, गजांची खिडकी, गावाकडचं घर. वॉर्डात गोधडी पसरली की पुरुष चौकोन न् चौकोन वाचून नाव शोधत. नाव सापडलं याचा अर्थ एवढाच, की शिवताना ती जिवंत होती. आज ब्रिटिश गोधडी लंडनला ब्रिटिश रेड क्रॉसकडे आहे, ऑस्ट्रेलियन आणि जपानी दोन्ही कॅनबेराच्या युद्धस्मारकात. जपानी रेड क्रॉसकडे जायची ती गेलीच नाही. मलव्हेनीने पुढे कॅनडात परतल्यावर, छावणीत भुकेल्या बायकांनी आठवून आठवून लिहिलेल्या पाककृतींचं पुस्तक छापलं आणि त्या पैशातून इंग्लंडच्या रुग्णालयांत पडलेल्या माजी युद्धकैद्यांना खाऊ पाठवला.

युद्धाबाहेर ही प्रथा आली ती उशिरा. 1988 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या एलेन आल्ग्रेन यांनी एड्सग्रस्त बाळांसाठी पाळण्याच्या मापाच्या गोधड्या शिवायला लोकांना एकत्र केलं; त्या बाळांना हात लावायलाही लोक धजत नव्हते असा तो काळ. 1995 मध्ये डेन्व्हरच्या बाजूला आजारी मुलांसाठी ‘प्रोजेक्ट लायनस’ सुरू झालं. 2003 मध्ये इराकला गेलेल्या मुलाच्या काळजीत असलेल्या डेलावेअरच्या कॅथरीन रॉबर्ट्स यांनी ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ उभारलं, आणि पहिली गोधडी वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या एका तरुण सैनिकाला मिळाली. ही संस्था गोधडी ‘देत’ नाही, पदकासारखी ‘प्रदान’ करते. मला हा थाट जरा जास्त वाटतो, पण घेणारे सैनिक तो आवडीने स्वीकारतात. तिथे मागच्या बाजूला शिवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावणं सक्तीचं आहे.

सर्वसाधारण रुग्णालयांत मात्र रुग्णाचं नाव शिवणाऱ्यांना सांगत नाहीत. गोपनीयतेचा नियम आहे आणि तो रास्तही आहे. त्यामुळे मंडळं गोधड्यांचा गठ्ठा परिचारिकांच्या हवाली करतात. कुणाला कुठली द्यायची, ते त्या ठरवतात.