ज्युलियन डबूकने नदी पेटवली नव्हती

अमेरिकेत मिसिसिपीकाठी आयोवा राज्यात डबूक नावाचं शहर आहे. ज्याच्यावरून ते नाव पडलं, त्या ज्युलियन डबूकची एक गोष्ट हमखास सांगितली जाते: तिथले मूळ रहिवासी मेस्क्वाकी लोक ऐकेनात, तेव्हा त्याने ओढ्यात टर्पेंटाइन ओतून पाणी पेटवलं आणि घाबरवून शिशाच्या खाणी मिळवल्या. गोष्ट झकास आहे, पण दंतकथाच.

क्वेबेकमध्ये जन्मलेल्या डबूकला खाणी मिळाल्या त्या करारातून. 1788 मध्ये प्रेरी द्यु शिन या गावी मेस्क्वाकींनी त्याला शिसं काढायची परवानगी दिली. जादूची गरजच काय होती? शिसं काढणं आणि वितळवणं त्यांना आधीपासून येत होतं. खाणीतलं बरंचसं काम तर मेस्क्वाकी बायकाच करत. डबूकचं काम मुख्यतः व्यापाऱ्याचं.

आणि तो जमिनीचा मालक? तेही नाही. जमीन आपलीच असा दावा करत त्याने 1804 मध्ये सेंट लुईसच्या ऑगस्त शूतो या व्यापाऱ्याला तिचा मोठा हिस्सा विकला, 1810 मध्ये डबूक वारला, आणि दावा पुढे कोर्टात लोंबकळत राहिला. शेवटी 1853 च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मेस्क्वाकींनी दिली होती ती फक्त खाणकामाची मुभा, जमीन नव्हे.