अँपच्या मागचे ओहम: ‘जुळवणी’ आली कुठून?

गिटार किंवा बासचा अँप उलटा फिरवला की स्पीकरच्या जॅकशेजारी दोनपैकी एक मजकूर दिसतो. व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) अँप असेल तर ४, ८, १६ ओहम असे वेगळे जॅक किंवा तेवढ्या खाचांचं फिरतं बटण. ट्रान्झिस्टरचा असेल तर एकच ओळ: ‘किमान ४ ओहम’. दोन्हीकडे आपण ‘इम्पिडन्स जुळवायचा’ असंच म्हणतो; इम्पिडन्स म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध, ओहममध्ये मोजलेला. खरं तर पहिल्या अँपमध्ये जुळवणी आहे, दुसऱ्यात नाही, आणि हा घोळ व्हॉल्व्हपेक्षाही जुना आहे.

त्याचं मूळ बॅटरीत आहे. १८४० च्या सुमारास मोरिट्झ याकोबी यांनी नियम मांडला की बॅटरीच्या अंतर्गत रोधाइतकाच रोध बाहेर जोडला तर बाहेर सर्वाधिक शक्ती मिळते. बरोबरच आहे, पण त्या स्थितीत तेवढीच शक्ती बॅटरीच्या आत उष्णता होऊन जाते. एडिसनच्या काळात वीज विकायची वेळ आली तेव्हा ही अर्धी उधळपट्टी परवडणारी नव्हती. म्हणून जनित्राचा अंतर्गत रोध शक्य तितका कमी ठेवायचा आणि भाराचा, म्हणजे बाहेर जोडलेल्या उपकरणांचा, रोध त्याच्या कितीतरी पट ठेवायचा, ही रीत पडली. टेलिफोनवाल्यांची अडचण वेगळी होती. मैलोगणती तारेतून क्षीण सिग्नल जायचा आणि टोकाला भार जुळला नाही तर तो परावर्तित व्हायचा. तिथे जुळवणी गरजेचीच होती. ‘इम्पिडन्स’ हा शब्द ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ मध्ये घडवला, तोही तारांच्याच अभ्यासातून. ली डी फॉरेस्ट यांच्या १९०६ च्या ऑडिऑन व्हॉल्व्हला पहिलं मोठं काम मिळालं ते टेलिफोनचा सिग्नल वाढवण्याचं. अँप्लिफायर घडले ते या लोकांच्या हातून, त्यामुळे त्यांची भाषाही सोबत आली.

१९२५ मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या पद्धतीचा, हलत्या कॉइलचा स्पीकर मांडला. ही कॉइल कागदी कोनासोबत मागेपुढे हलणार, म्हणजे हलकी हवी. वेढे थोडे, म्हणून इम्पिडन्स अवघा काही ओहम. व्हॉल्व्हचं नेमकं उलट: शेकडो व्होल्ट, पण प्रवाह मिलिअँपिअरमध्ये. या दोघांची गाठ घालून देतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग केला की इम्पिडन्सचं गुणोत्तर मिळतं. प्रायमरीचे (व्हॉल्व्हकडचे) वेढे सेकंडरीच्या (स्पीकरकडच्या) २५ पट असतील तर ४ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला २५०० ओहमचा दिसतो.

हे २५०० कुठून आले? इथेच ‘जुळवणी’ या शब्दाची फसगत आहे. २ए३ हा ट्रायोड, म्हणजे तीन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह, त्याचा स्वतःचा प्लेट-रोध (अंतर्गत रोध) ८०० ओहम. १९३६ मध्ये आलेल्या ६एल६ या व्हॉल्व्हचा साडेबावीस हजार. तरीही एकेरी वापरात दोघांनाही सुचवलेला भार २५०० ओहमच. एकाच्या बाबतीत तो स्वतःच्या रोधाच्या तिप्पट आहे, दुसऱ्याच्या बाबतीत नवव्या हिश्शाएवढा. याकोबींचा नियम कुठेच लागू नाही. व्हॉल्व्हला सोसेल तेवढा व्होल्टेज आणि झेपेल तेवढा प्रवाह या दोन मर्यादांत, कमी विकृतीसह जास्त काम करून घेणारा भार शोधायचा आणि ट्रान्सफॉर्मर त्याप्रमाणे गुंडाळायचा. अँपवरच्या ‘८ ओहम’चा अर्थ ‘माझा रोध ८ आहे’ असा नव्हे. ‘इथे ८ लावलेत तर माझ्या व्हॉल्व्हला हवा तो भार दिसेल’ असा आहे.

रेडिओच्या काळात वापरणाऱ्याला हे कळण्याची गरजच नव्हती. ट्रान्सफॉर्मर बहुधा स्पीकरच्या चौकटीवरच बसवलेला असे आणि अमेरिकी रेडिओचे स्पीकर ३.२ ओहमचे असत. प्रश्न वादकाच्या गळ्यात पडला तो अँप आणि स्पीकरचं खोकं वेगळं झाल्यावर. तोवर अमेरिकी अँप बनवणाऱ्या फेंडरची पद्धत सरळ होती: सगळे स्पीकर समांतर जोडायचे आणि ट्रान्सफॉर्मर त्या बेरजेसाठी गुंडाळून घ्यायचा. १९५० च्या दशकाच्या अखेरच्या ५एफ६-ए बासमन अँपमध्ये १० इंची, ८ ओहमचे चार स्पीकर समांतर होते, म्हणजे २ ओहम. ट्विन रिव्हर्बमध्ये दोन, म्हणजे ४. डिलक्स रिव्हर्बमध्ये एकच, म्हणजे ८. बटण नाही, पर्याय नाही. मुख्य जॅक मात्र विचारपूर्वक निवडलेला: पिन काढली की तो आउटपुट जमिनीला जोडून टाकतो. म्हणूनच अशा अँपवर स्पीकर चुकून फक्त जादा स्पीकरच्या जॅकमध्ये खुपसला तर आवाज येत नाही. तो बिघाड नव्हे.

ब्रिटनमध्ये १५ ओहमचे स्पीकर रूढ होते. पुढे तो आकडा १६ झाला. १९६२ मध्ये लंडनला मार्शलचा जेटीएम४५ त्याच बासमनच्या आराखड्यावरून बनला, पण खोक्यात सेलेस्टियन कंपनीचे १२ इंची चार स्पीकर आले. दोन-दोनच्या मालिका करून त्या समांतर जोडल्या की १६ ओहमच्या चार स्पीकरचे पुन्हा १६ होतात. लांब तारेला हे बरं. १.५ चौरस मिमीच्या ५ मीटर दुहेरी तारेचा रोध सुमारे ०.११ ओहम, १६ ओहमपुढे तो नगण्य, २ ओहमपुढे पाच-सहा टक्के. तोटाही आहे: एक स्पीकर जळाला की त्याच्या मालिकेतला जोडीदारही गप्प होतो आणि अँपला १६ ऐवजी ३२ ओहम दिसतात. अँपेगने १९६९ च्या एसव्हीटी या बास-अँपसाठी तिसरीच वाट काढली. १० इंची आठ स्पीकर, प्रत्येकी ३२ ओहमचे, सगळे समांतर: खोक्याचे ४ ओहम, दोन खोक्यांचे २. कुठलं खोकं कुठल्या अँपवर जाईल याचा भरवसा उरला नाही, तसं अँपच्या मागचं निवड-बटण सर्रास झालं.

बटण चुकीच्या खाचेवर असेल तर काय होतं? ८ च्या टॅपवर (म्हणजे ८ च्या खाचेवर) १६ चं खोकं लावलं तर व्हॉल्व्हला दुप्पट भार दिसतो. प्लेटवरचा (व्हॉल्व्हच्या आउटपुट टोकावरचा) व्होल्टेज जास्त झोके घेतो, तळाशी प्लेट फार खाली गेली की इलेक्ट्रॉन स्क्रीन ग्रिडकडे, म्हणजे प्लेटच्या अलीकडच्या जाळीकडे, वळतात आणि ती तापून लाल होऊ शकते. ४ चं लावलं तर भार निम्मा. प्रवाह वाढतो, प्लेट जास्त तापते, व्हॉल्व्ह लवकर म्हातारे होतात. शक्ती दोन्हीकडे घटते. एका पायरीचा फरक बेताच्या आवाजात बहुतेक अँप सोसतात. कुठली चूक बरी याबद्दल निर्मात्यांचे सल्ले परस्परविरोधी असतात, कारण कुणाच्या रचनेत ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशन नाजूक असतं, कुणाच्या रचनेत व्हॉल्व्ह आधीच कडेलोटावर चालवलेले असतात. त्या-त्या अँपची पुस्तिका मानावी.

स्पीकर न लावता जोरात वाजवणं मात्र कुठल्याच व्हॉल्व्ह अँपला मानवत नाही. पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह) प्रवाह ढकलत राहतो, त्याला जायला वाट नसते, आणि प्रवाह तुटताच ट्रान्सफॉर्मरमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळून प्लेटवर नेहमीच्या कितीतरी पट व्होल्टेज उसळतो. सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी उडते, तिथे कोळशाची वाहक रेघ उमटते, नाहीतर ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशनच फुटतं. त्यामुळे व्हॉल्व्ह अँपपुरतं बोलायचं तर क्षणभराचं शॉर्ट सर्किट तुटलेल्या तारेपेक्षा परवडतं. फेंडरच्या जॅकमागचा हिशेब हाच. आणि म्हणूनच निवड-बटण अँप पूर्ण बंद असतानाच फिरवायचं: दोन खाचांच्या मधल्या क्षणी ते कशालाच जोडलेलं नसतं.

ट्रान्झिस्टरने ट्रान्सफॉर्मरच काढून टाकला. १९५६ मध्ये एच. सी. लिन यांनी एकाच जातीच्या ट्रान्झिस्टरच्या जोडीतून थेट स्पीकर चालवणारा आराखडा मांडला आणि तिथून वाट मोकळी झाली. अशा अँपचा आउटपुट इम्पिडन्स ओहमच्या छोट्या अंशाएवढा. तो ठरलेला व्होल्टेज देतो, प्रवाह किती घ्यायचा ते स्पीकर ठरवतो. हा तर एडिसनचा जनित्रवाला मार्ग झाला. ४ ओहमवर १०० वॅट देणारा अँप म्हणजे २० व्होल्ट आणि ५ अँपिअर. ८ ओहमवर साधारण ५० वॅट, १६ वर २५. बिघाड कुठेच नाही, स्पीकर नसला तरीही नाही. २ ओहमवर मात्र तो १० अँपिअर द्यायला निघतो आणि संरक्षण-सर्किट त्याला अडवतं किंवा ट्रान्झिस्टर जातात. शॉर्ट सर्किटची गतही तीच. व्हॉल्व्हच्या अँपची सवय इथे नेमकी उलटी पडते.

खोक्यावरचा आकडाही नाममात्रच. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या मानकानुसार इम्पिडन्स त्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली उतरता कामा नये, म्हणजे ८ चा किमान ६.४. वर मर्यादा नाही: अनुनादाच्या वारंवारितेला, गिटारच्या स्पीकरमध्ये बहुधा १०० हर्ट्झच्या आसपास, तो कित्येक पट चढतो आणि वरच्या पट्टीत कॉइलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा वाढतो. व्हॉल्व्ह अँप या चढांवर जास्त व्होल्टेज देतो, म्हणून एकच स्पीकर त्यावर अधिक घुमतो आणि अधिक चमकतो.

मल्टिमीटरवर हा आकडा दिसत नाही. तिथे फक्त तारेचा डीसी रोध दिसतो. खोकं अनोळखी असेल तर ते अँपपासून सोडवून, त्यात स्पीकरची तार लावून दुसऱ्या टोकाच्या पिनवर मोजावं. ३ ते ३.५ आले तर ४ ओहमचं, साडेपाच ते ७ आले तर ८ चं, ११ ते १४ आले तर १६ चं. तारही त्यातच तपासली जाते. ती गिटारची शिल्डेड तार नको. तिचा मधला धागा या प्रवाहासाठी बारीक असतो. दोन खोकी जोडताना अँपवरचे शेजारचे जॅक बहुधा समांतरच असतात: ८ आणि ८ चे ४, १६ आणि १६ चे ८. ८ सोबत १६ लावलं तर ५.३३ होतात आणि ८ चं खोकं दुप्पट शक्ती घेतं. व्हॉल्व्ह अँपवर तेव्हा टॅप ४ चा घेतात.