मांसाहारी पोटाचा बांबूवर संसार

चीनच्या छिनलिंग पर्वतात पांडाच्या मागावर हिंडणाऱ्या अभ्यासकांना पांडा क्वचितच दिसतो. बांबूचं रान इतकं दाट की चार हातांवर बसलेलं जनावरही कळू नये. सापडते ती त्याची विष्ठा, आणि तीही भरपूर. ती फोडली की आत बांबूचे तुकडे मिळतात, जेवढे चावले तेवढ्याच लांबीचे. प्रत्येक पांडाचा घास थोडा वेगळ्या मापाचा, त्यामुळे तुकडे मोजून इथून कुठला पांडा गेला असेल याचा अंदाज बांधता येतो. २०११ ते २०१४ या काळात झालेल्या चौथ्या देशव्यापी गणनेत विष्ठेनेच मोठी साथ दिली. रानातल्या पांडांचा आकडा निघाला १,८६४.

तुकडे असे धड बाहेर का पडतात? पांडा मुळात अस्वल. पूर्वजांनी मांस सोडलं, पण आतडं मांसाहाऱ्याचंच राहिलं, आखूड. गाईम्हशींसारखी रवंथाची सोय नाही. खाल्लेल्या बांबूतला पाचवा हिस्साही अंगी लागत नाही. मग दिवसाचे दहा-बारा तास खात राहायचं. रोजचा बांबू १२ ते ३८ किलोपर्यंत जातो. एवढं करूनही चरबी साठत नाही, म्हणून थंड मुलखातल्या इतर अस्वलांसारखी शीतनिद्राही नशिबी नाही. बर्फ पडत असतो आणि हा बांबू चघळत बसलेला असतो.

खर्चाची बाजू जास्त रंजक आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार, एवढ्या आकाराच्या सस्तन प्राण्याला जितकी ऊर्जा लागायला हवी तिच्या जेमतेम ३८ टक्क्यांत पांडाचा दिवस निघतो. थायरॉइडची संप्रेरकं कमी, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं तुलनेनं लहान, हालचाल बेताची. अंथरूण पाहून पाय पसरणं ते हेच. प्राणिसंग्रहालयात त्याच्या आळसाला आपण हसतो, पण तो आळस नसता तर त्याचं पोट कधीच भरलं नसतं.

आणि तो वाट्टेल तो बांबूही खात नाही. छिनलिंगमधल्या फोपिंग अभयारण्यात पांडांना जीपीएस पट्टे लावून पाहिलं, तेव्हा त्यांचं वेळापत्रक हाती आलं. वसंतात खालच्या उतारावर एका जातीच्या बांबूला कोंब फुटतात. ते निबर झाले की पांडा वर चढतो, कारण उंचावरच्या दुसऱ्या जातीचे कोंब तेव्हा कुठे जमिनीबाहेर येत असतात. कोंबांत प्रथिनं भरपूर, पण कॅल्शियम कमी. ते पानांतून मिळतं. हिशेब केला तर त्याच्या आहारातली निम्मी ऊर्जा प्रथिनांतून येते, म्हणजे गवत खाऊनही ताट मांसाहाऱ्याचंच! (बांबू हे गवतच.)

मादी वर्षातून दोन-तीन दिवसच गर्भधारणेला तयार असते. पिल्लू जन्मतं जेमतेम १०० ग्रॅमचं, आईच्या वजनाच्या सुमारे नऊशेव्या हिश्शाएवढं. जुळी झाली तर रानात बहुधा एकच वाढवलं जातं.

खरं संकट बांबूच्या स्वभावात दडलेलं आहे. एका जातीचा बांबू कित्येक दशकांनी एकदम फुलतो आणि डोंगरच्या डोंगर वाळून जातो. १९७०च्या दशकात मिनशान पर्वतात असं झालं तेव्हा किमान १३८ पांडा मेलेले आढळले. पूर्वी अशा वेळी पांडा शेजारच्या खोऱ्यात जाई, तिथे दुसऱ्या जातीचा बांबू हिरवा असे. आता मध्ये शेतं, रस्ते, धरणं. १,८६४ पांडा ३३ तुकड्यांत विभागलेले आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच तुकड्या अगदी लहान. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत पांडाचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आला, २०२१ मध्ये चीनने पांडांसाठी भलंमोठं राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं, पण तुकडे जोडणं हे चिवट काम आहे.

छिनलिंगमध्ये १०८ क्रमांकाचा महामार्ग बोगद्यातून गेला आणि घाटावरचा जुना रस्ता ओस पडला. तिथे बांबू लावला गेला. पुढे त्या वाटेवर पांडांच्या वावराच्या खुणा मिळू लागल्या.