क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक

निर्वात पोकळीत ठेवलेल्या नमुन्यावर इलेक्ट्रॉनांची बारीक शलाका ओळीओळीने फिरवून पृष्ठभागाचे चित्र उभे करणारे उपकरण. ‘स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून प्रयोगशाळेत त्याला नुसते ‘सेम’ म्हणतात.

यातली चुंबकी भिंगे प्रतिमा मोठी करतच नाहीत, ती फक्त शलाका बारीक करतात. विवर्धन ठरते ते साध्या गुणोत्तराने: नमुन्यावरचा ३० मायक्रोमीटर रुंदीचा पट्टा ३० सेंमी रुंद पडद्यावर दाखवला, की १०,००० पट.

साध्या यंत्रात इलेक्ट्रॉन तापलेल्या टंगस्टन तारेतून निघतात आणि साधारण १ ते ३० किलोव्होल्ट दाबाने वेग घेतात. शलाका आदळताच नमुन्यातून ५० इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे द्वितीयक इलेक्ट्रॉन सुटतात. ते वरच्या काही नॅनोमीटरच्या थरातूनच बाहेर पडू शकतात, म्हणून उंचसखलपणा स्पष्ट दिसतो आणि कडा उजळतात. नमुन्यावर आदळून मागे परतणारे वेगवान इलेक्ट्रॉन जड मूलद्रव्ये अधिक उजळ दाखवतात, तर नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखता येतात. वीज न वाहणाऱ्या नमुन्यावर विद्युतभार साचून चित्र बिघडते, त्यामुळे त्यावर सोन्याचा पातळ मुलामा देतात.

माक्स नोल आणि मानफ्रेड फोन आर्डेन यांनी १९३०च्या दशकात जर्मनीत पाया घातला. पण ते बाजारात आणण्याजोगे झाले केंब्रिजमध्ये, चार्ल्स ओटली यांच्या गटामुळे. द्वितीयक इलेक्ट्रॉन टिपणारा एव्हरहार्ट आणि थॉर्नली यांचा डिटेक्टर १९६०चा, बाजारात आलेले ‘स्टिरिओस्कॅन’ हे यंत्र १९६५चे.

चित्र म्हणजे शेवटी क्रमाने येणारा विद्युत संकेत. त्यामुळे जुन्या यंत्राचा स्तंभ तसाच ठेवून चित्रनळी आणि फिल्म कॅमेऱ्याच्या जागी संगणक जोडता येतो. संगणकाचे जोडलेले कार्ड यंत्राच्या स्वतःच्या स्कॅनमागून, म्हणजे शलाकेच्या ओळीओळीच्या फेरीमागून, चालते, किंवा स्कॅनची सूत्रे स्वतःकडे घेते. दुसरा मार्ग जास्त चांगला: एकाच ठिकाणी हवा तितका वेळ थांबून चित्रातली खरखर कमी करता येते. क्ष-किरणांचा द्रव नायट्रोजन लागणारा जुना डिटेक्टरही सिलिकॉन ड्रिफ्ट प्रकाराने बदलता येतो.

गन, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, बदलणे मात्र महागात जाते. लँथॅनम हेक्झाबोराइडच्या गनला टंगस्टनपेक्षा कडक निर्वात लागतो, म्हणजे पंपही आले. तीव्र विद्युतक्षेत्राने इलेक्ट्रॉन खेचून काढणाऱ्या क्षेत्र-उत्सर्जन गनसाठी तर नवे यंत्र घेणेच शहाणपणाचे. आणि सगळे बदलूनही सरळ कडा नागमोडी दिसत असेल, तर आधी शेजारच्या वीजकेबलींकडे पाहावे; त्यांच्या ५० हर्ट्झच्या चुंबकी क्षेत्रानेही शलाका हलते.