गिनी पिगची रोजची भाजी

गिनी पिग या पाळीव प्राण्याला गवताच्या जोडीने रोज द्यावयाच्या ताज्या भाजीची निवड, हा या नोंदीचा विषय आहे. हा कृंतक वर्गातील प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला असून पूर्ण वाढ झालेल्याचे वजन साधारणपणे 700 ग्रॅम ते 1,200 ग्रॅम असते. त्याच्या आहाराचे जे तक्ते परदेशातून येतात, त्यांत लेट्यूस, केल, पार्सली यांची नावे आढळतात. विदर्भातील खेड्याच्या आठवडी बाजारात यांपैकी काहीही मिळत नाही. तेथे मिळतो तो सांबार (म्हणजे कोथिंबीर), पालक, मेथी, चवळई आणि अंबाडी. त्यामुळे येथील पाळणाऱ्याला हाताशी असलेल्या भाज्यांचीच नव्याने पारख करावी लागते, आणि ती करताना माणसाच्या पथ्यापथ्याचे ठोकताळे फारसे उपयोगी पडत नाहीत.

भाजी पोट भरण्यासाठी नसून प्रामुख्याने जीवनसत्त्व क मिळावे म्हणून द्यायची असते, ही गोष्ट ध्यानात घेतली तर पुढची निवड बरीच सोपी होते. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. गिनी पिगजवळ मात्र, माणसाप्रमाणेच, त्यासाठी लागणारे शेवटचे विकर (एन्झाइम) नसते. 1907 साली नॉर्वेतील अॅक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रलिक यांनी गिनी पिगना केवळ धान्यावर ठेवले असता त्यांना स्कर्व्ही झाली आणि हा रोग आहारातील उणिवेमुळे होतो हे प्रयोगाने दिसून आले. पुढे हंगेरीतील आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी या जीवनसत्त्वाची ओळख पक्की करण्यासाठीही गिनी पिगच वापरले. त्यांना ते जीवनसत्त्व मुबलक सापडले ते पाप्रिका मिरचीत. 1937 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या बाजारातील शिमला मिरची त्याच जातकुळीतील आहे, आणि रोजच्या भाजीत तिला पहिला मान द्यावा. हिरव्या शिमला मिरचीत 100 ग्रॅममागे सुमारे 80 मिलिग्रॅम जीवनसत्त्व क असते, तर पिकून लाल झालेलीत त्याहून बरेच जास्त. निरोगी प्रौढ गिनी पिगला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला 10 ते 20 मिलिग्रॅम पुरते. गाभण मादीची आणि वाढत्या पिलांची गरज 30 मिलिग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे देठ आणि बिया काढलेली 20 ग्रॅमची एक फाक प्रौढाची दिवसाची गरज जवळजवळ भागवते. तिखट मिरची, मग ती भिवापुरी असो की घरच्या वाफ्यातली, कधीही देऊ नये. पाण्यात मिसळायचे जीवनसत्त्वाचे थेंब उजेडाने व हवेने लवकर निकामी होतात, शिवाय पाण्याची चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो. म्हणून भाजीची फाक हाच अधिक भरवशाचा मार्ग होय.

सांबार ही दुसरी रोजची भाजी. तिच्या चार-सहा काड्या देठांसकट द्याव्यात. बाजारातली जुडी मात्र सुतळी सोडून पाहिल्याशिवाय देऊ नये. बाहेरून टवटवीत दिसणाऱ्या जुडीच्या पोटात बांधलेल्या जागी देठ काळे, बुळबुळीत झालेले असतात, खालची पाने पिवळी पडलेली असतात, आणि कधी एखादी कातरलेल्या पानाची परकी काडीही शिरलेली असते. गाजर गवताची कोवळी पाने वरवर पाहता गाजराच्या पाल्यासारखी दिसतात आणि हे गवत जनावरांना विषारी आहे. ओळख न पटलेली प्रत्येक काडी बाजूला काढावी. शिमला मिरची व सांबार या दोहोंच्या जोडीला काकडीची एखादी चकती आणि मक्याच्या कणसावरची ताजी हिरवी साल चालते. सारी भाजी मिळून दिवसाला साधारण वाटीभर पुरे.

उरलेला सारा आहार गवताचा असतो, आणि ते दिवसरात्र समोर असावे लागते. गिनी पिगचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजण्यासाठी आणि मोठ्या आतड्यातील जीवाणूंचे काम चालू राहण्यासाठी तंतुमय चारा अखंड पोटात जावा लागतो. हरळी, पवन्या यांसारखी गवते वाळवून ठेवावीत. पूर्व विदर्भात धानाचे तणस भरपूर मिळत असले तरी ते निकृष्ट, खरबरीत असते आणि अंथरायला बरे. ज्वारीचा कोवळा पोंगा मात्र पूर्णपणे टाळावा, कारण त्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि त्याने गाईबैलही दगावतात, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. लसूणघास कॅल्शियमने भरलेला असल्याने तो पिलांना व गाभण मादीला ठीक. प्रौढाला रोज देऊ नये.

आता पालेभाज्यांकडे. विदर्भाच्या ताटातील आवडत्या पालेभाज्यांपैकी बऱ्याच या प्राण्याला रोज चालत नाहीत, आणि येथेच सर्वाधिक चुका होतात. गिनी पिगचे आतडे आहारातील कॅल्शियम मोठ्या प्रमाणात शोषून घेते आणि जास्तीचे कॅल्शियम मूत्रावाटे बाहेर पडते. त्यामुळे मूत्राशयात खडे होण्याची प्रवृत्ती त्याच्यात मुळातच असते. ऑक्झॅलेट, म्हणजे कॅल्शियमशी मिळून खडे बनवणारे द्रव्य, अधिक असलेल्या भाज्या रोज देणे यासाठी धोक्याचे मानले जाते. पालक, चवळई, घोळ, आंबट चुका व बीटचा पाला या सर्वांत ऑक्झॅलेट भरपूर असते, अंबाडीही त्याच पंगतीतली. पालकाचे एखादे पान पंधरवड्यातून दिले तर बिघडत नाही. चुका मात्र देऊच नये. हरभऱ्याच्या पाल्यावर आंबट आम्लाचा थर असतो, म्हणून हिवाळ्यात वावरात तो कितीही सहज खुडता आला तरी रोजच्या भाजीत घेऊ नये. पावसाळ्यातला तरोटा, म्हणजे टाकळा, माणसे भाजी करून खातात, पण त्याची सारक द्रव्ये इतक्या लहान प्राण्याच्या आतड्याला झेपणारी नाहीत. मेथी व मुळ्याचा पाला आठवड्यातून एक-दोनदा. शेवग्याच्या पाल्यात 100 ग्रॅममागे 100 मिलिग्रॅमहून अधिक जीवनसत्त्व क असूनही कॅल्शियमही तितकेच चढे असल्यामुळे तो चिमूटभरच, आणि तोही रोज नव्हे. पत्ताकोबी व फुलकोबीने पोटात वायू धरतो. गिनी पिगला ओकता येत नाही, त्यामुळे फुगलेले पोट त्याच्या जिवावर बेतू शकते. गाजर आणि संत्र्याची फोड गोड असल्याने कधीमधी, थोडीशी.

कांदा, लसूण, बटाटा व त्याचा पाला, टोमॅटोचा व वांग्याचा पाला, कच्च्या कडधान्यांचे दाणे आणि कोणतेही शिजवलेले, तिखटमिठाचे अन्न वर्ज्य आहे. पिकलेल्या टोमॅटोची लहानशी फोड, देठ काढून, चालते.

या प्रदेशात भाजी कोणती याइतकेच ती कोठून आली हे महत्त्वाचे आहे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींत आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, घरच्यापुरती भाजी लावण्याची जुनी रीत आहे, आणि कपाशीवर फवारलेले औषध वाऱ्याने त्याच भाजीवर येऊन बसते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. माणसाचा जीव घेणारी ही औषधे किलोभर वजनाच्या प्राण्याला किती थोड्या मात्रेत भोवतील, याचा विचार करणाऱ्याने धुऱ्यावरची भाजी त्याच्या पुढ्यात टाकू नये. आंतरप्रवाही कीटकनाशके वनस्पतीच्या रसात भिनतात, त्यामुळे धुऊनही ती जात नाहीत. रस्त्याकडेचे आणि तणनाशक मारलेल्या बांधाचे गवत याच कारणाने नको. घरामागच्या सांदवाडीत धणे रगडून दर पंधरा दिवसांनी एक लहान वाफा पेरला, तर हिवाळ्यात बिनफवारणीचा सांबार सतत मिळत राहतो आणि बाजारावर विसंबावे लागत नाही.

बाजार आठवड्यातून एकदाच भरत असल्याने साठवणीचाही प्रश्न येतो. शिमला मिरची कोरड्या कपड्यात आठवडाभर टिकते, सांबार ओलसर कपड्यात दोन-तीन दिवस. जीवनसत्त्व क मात्र दिवसागणिक घटत जाते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा भाजी सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर द्यावी आणि तासा-दोन तासांत न खाल्लेली उचलावी, कारण सुकलेला व आंबलेला पाला जुलाब लावतो. या दिवसांत काकडी थोडी वाढवता येते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी खारे असते, तेथे पिण्यासाठी गोडे पाणीच ठेवावे.

नवी भाजी एका वेळी एकच, नखाएवढ्या तुकड्याने सुरू करावी आणि दोन-तीन दिवस लेंड्या पाहाव्यात. त्या मऊ पडल्या तर ती भाजी थांबवून नुसत्या गवतावर ठेवावे. चालताना लंगडणे, सुजलेले सांधे, राठ झालेले केस, हिरड्यांतून रक्त ही स्कर्व्हीची लक्षणे होत आणि क जीवनसत्त्व बंद झाल्यापासून दोन-तीन आठवड्यांत ती दिसू लागतात. लघवीत रक्त किंवा लघवी करताना चीं-चीं ओरडणे हे खड्याचे लक्षण असू शकते. अर्धा दिवस काहीच न खाल्लेल्या गिनी पिगला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे, आणि तालुक्याचा दवाखाना प्रामुख्याने गाई-म्हशी व शेळ्यांचा असल्यास, पेनिसिलिन वर्गातील प्रतिजैविके या प्राण्याला घातक ठरतात, ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर आधीच घालावी.